तिरका काप

शनिवार, ६ जुलै

धाकट्यास,

इथे 'अनेक आशीर्वाद' लिहायचं असतं. पण तीन वर्षांच्या अबोल्यानंतर एकदम आशीर्वाद दिले, तर तुला वाटायचं घरात कोणी गेलं. कोणी गेलेलं नाही. बाबा ठणठणीत आहेत, मी आहे, बोट आहे. आपला खलाशी मुका अजूनही सकाळी दोर सोडल्यापासून धक्क्याला लागेपर्यंत अखंड बोलत असतो. त्याला हे नाव कोणी ठेवलं त्याचा एकदा सत्कार करायला हवा.

पत्राचं कारण तुझी पुस्तकांची पेटी. शेडचं छप्पर गळतंय आणि पेटीला खालून बुरशी धरली आहे. पाणीवाला दर बुधवारी आणि शनिवारी तुझ्या बेटावर पाण्याची पिंपं घेऊन जातो. त्याच्याबरोबर पेटी पाठवू का टाकून देऊ, एवढं कळव. त्या खडकावर फोन लागत नाही म्हणे. लागला असता तरी तू उचलला नसतास. मीही उचलला नसता.

हे झालं कारण. आता दुसरं.

परवाच्या पेपरात तुझा फोटो आला. हातात कुरवाचं गुबगुबीत पिल्लू, आणि वर मोठ्या अक्षरात, 'बारीक मासा परतला'. पक्ष्यांच्या पोटात पुन्हा समुद्रातला अख्खा बारीक मासा सापडतो आहे, बोटींनी माशांची घाण टाकायची बंद केल्याचा हा परिणाम, असं तुझ्या पक्षी-संशोधनाच्या साहेबांनी म्हटलंय. एकोणतीस तारखेला मत्स्य खात्याच्या सुनावणीत तू अहवाल वाचणार आहेस, हेही त्यात आहे. वाचून बरं वाटलं. खोटं कशाला बोलू, आधी राग आला, मग बरं वाटलं. दाढी मात्र काढ. चोर दिसतोस.

बाबांनी तो फोटो कापला. मला वाटलं फेकतायत. त्यांनी तो आमिषाच्या टेबलावरच्या प्लॅस्टिकखाली सरकवला. गुडघे गेल्यापासून ते समुद्रावर येत नाहीत, शेडमध्येच बसून आमिषाच्या शेपट्या छाटतात. शेपटी ठेवली तर आमिष पाण्यात गिरक्या घेतं आणि सगळ्या दोराला पीळ पडतो, हे ते मुक्याला अजून रोज समजावतात. काप तोच, तिरका. तू सरळ कापायचास आणि टपली खायचास, आठवतं? तर आता ते रोज तुझ्या तोंडावरच मासे कापतात. तुझं नाव घेत नाहीत, पण प्लॅस्टिक दिवसातून तीनदा पुसतात.

एक विचारायचं होतं. बारीक मासा परतला, हे नक्की ना? म्हणजे तू स्वतः पाहिलास ना समुद्रात, थवाच्या थवा? का नुसता पिल्लांनी ओकलेला पाहिलास? तू शिकलेला, मी गळाला आमिष लावणारी, मला त्यातलं काय कळतंय. पण एकोणतीसच्या आधी एकदा नीट बघ. घाई करू नकोस.

पेटीचं कळव.

ताई


बुधवार, १० जुलै

धाकट्यास,

तुझी चिठ्ठी पोचली. 'पेटी पाठव. बाकी ठीक.' चार शब्द. तीन वर्षांनी बहिणीने दोन पानं लिहिली, त्यावर चार शब्द! तुझ्या पक्ष्यांनी चोचीने लिहिलं असतं तरी पाच झाले असते.

पेटी आज पाठवते आहे. पुस्तकं उन्हात ठेव.

रागावून पत्र इथेच संपवणार होते, पण आता पेन उघडलंच आहे.

गेलं वर्ष तुला फक्त बेटावरून दिसलं. मला धक्क्यावरून दिसलं ते सांगते. तुझ्या सुनावणीनंतर दोन वर्षांनी घाण टाकायला बंदी आली, आम्ही डोकी-आतडी पिंपात भरून परत आणायला लागलो. पहिले काही दिवस कुरव बोटीमागे तसेच येत राहिले. तास-तास मागे उडायचे. आम्ही मासा कापायला घेतला की डोक्यावर कालवा करायचे. मुका त्यांना समजावून सांगायचा, 'अरे नाही रे, आता साहेब ओरडतात.' मग ते धक्क्यावर आले. कचऱ्याच्या पिशव्या फाडायला लागले. एकाने शाळेच्या फाटकात एका पोरीच्या हातातली पोळी उडवली आणि बोटाला चोच मारली. उत्तरेच्या वाळूवर बारक्या पक्ष्यांची घरटी असतात ना, तिथली अंडी दोन दिवसांत साफ. सगळ्या बंदराने एकच नाव घेतलं. तुझं. 'पाखराने केलं हे,' म्हणाले. तुला आता सगळे पाखरूच म्हणतात. घरभेद्याही म्हणतात, पण माझ्यासमोर नाही. एकदा एकजण म्हणाला होता. त्याच्या बोटीचा रेडिओ अजून दुरुस्त झालेला नाही.

तीन वर्षांपूर्वीच्या सुनावणीत तू बोललास ते सगळं खोटं नव्हतं, हे मला तेव्हाही माहीत होतं. 'डोक्या-आतड्यांनी पिल्लाचं पोट भरतं, अंग भरत नाही' हे तुझं वाक्य मला पाठ आहे. पिल्लं हलक्या हाडांची होतात, पिसं कच्ची राहतात, पहिल्याच उडीला खडकावर आपटतात. सगळं कबूल. माझा राग कशाचा होता? तो अख्खा हंगाम तू आमच्या बोटीवर राहिलास. मी आणि बाबा शेजारीपाजारी सांगत फिरलो, शिकला तरी पोरगा घरच्या कामाला आला. आणि तू रोज आमची घाण टोपलीत तोलून वहीत लिहीत होतास. मग भर सभेत आमच्या बोटीचा नंबर वाचलास. बाबा तिसऱ्या रांगेत होते. नवा शर्ट घालून आले होते.

संध्याकाळी मी दारात तुला म्हणाले, की पुन्हा या उंबऱ्यात पाय ठेवू नकोस. आजवर मी सगळ्यांना सांगत आले की तू स्वतःहून गेलास. बाबांनाही तेच सांगितलं. ते आत होते, त्यांनी ऐकलं असेल. विचारलं कधीच नाही.

आई गेली तेव्हा तू पाच वर्षांचा होतास. रुसलास की जेवायचा नाहीस, आणि मी ताट दाराबाहेर ठेवून निघून जायचे. मी बघत नाही अशी खात्री झाली की ताट रिकामं व्हायचं. तुझ्याशी बोलून कधी काही झालंच नाही. जे झालं ते ताट ठेवून.

गेल्या जुलैत आम्ही तुझ्या बेटाच्या बाजूने परत येत होतो. दुर्बिणीतून पाहिलं. तू बादली घेऊन घरट्याघरट्यातून फिरत होतास आणि वाकून काहीतरी उचलत होतास. मला वाटलं अंडी. पिल्लं होती. बादली भरल्यावर तू ती खडकाच्या फटीत रिकामी केलीस आणि पुन्हा सुरुवात केलीस. मग खाली बसलास, डोकं गुडघ्यात घालून. मुका पहिल्यांदाच गप्प होता. मी इंजिन कमी केलं नाही. तिथे थांबायला हवं होतं.

पुढचंही सांगायचं आहे, पण पाणीवाला हाका मारतोय, पेटी चढवायची आहे. शनिवारी लिहिते.

ताई


शनिवार, १३ जुलै

धाकट्यास,

पाणीवाल्याचा काही दोष नव्हता. तो अर्धा तास थांबला असता. माझंच धाडस झालं नाही.

काल धक्क्यावर चार परके लोक आले. इस्त्रीचे कपडे, पायात असे बूट की ओल्या धक्क्यावर दोनदा घसरले. भुकटीच्या बोटीवाले. बारीक मासा थव्याने ओढायचा, सुकवायचा, दळायचा आणि कोंबड्यांच्या खाद्याला विकायचा, हा त्यांचा धंदा. सात वर्षांपूर्वी त्यांनी आपलं पाणी असं खरवडून काढलं होतं की खात्याला शेवटी त्यांना बंदी घालावी लागली. आता ते चहाच्या टपरीवर बसून पेपरातला तुझा फोटो एकमेकांना दाखवत होते. बारीक मासा परतला असेल तर बंदी कशाला, असा त्यांचा अर्ज आहे. एकोणतीसला तुझा अहवाल वाचून झाला की लगेच त्यांचा अर्ज. तुला हे माहीत आहे का? माहीत नसावं. माहीत असतं तर तू असा हसून फोटो काढून घेतला नसतास.

पण बारीक मासा परतलेला नाही. बंदरातल्या एकाही जाळ्याला तो लागलेला नाही. तुझ्या पिल्लांच्या पोटात जो मासा आहे तो मी टाकलेला आहे.

लिहून टाकलं. आता सगळं सांगते.

मे महिन्यात एकदा दोर गुंतला आणि आमिषाच्या दोन पेट्या उरल्या. बर्फ वितळला होता, तो मासा पुन्हा गोठवता येत नाही. परतताना तुझं बेट लागलं. कुरव खडकावर बसले होते, कोणी उडत नव्हतं. बोट दिसली तरी उठले नाहीत. मागून उपयोग नाही हे शिकले होते, आणि स्वतः मासा शोधायचा कसा हे त्यांच्यातल्या निम्म्यांना कधी माहीतच नव्हतं. त्यांच्या जन्मापासून बोटी त्यांना भरवत होत्या. मला तुझी ती बादली आठवली. मुका आत लवंडला होता. मी बेटाच्या पश्चिमेला गेले, जिकडे तुझ्या झोपडीचं तोंड नाही, आणि पेटी पाण्यात उलटी केली. दहा मिनिटांत फस्त.

पुढच्या फेरीपासून मी जास्तीच्या पेट्या घ्यायला लागले. एक दिवसाआड, सकाळी नऊच्या सुमारास. डोकी नाही टाकली, आतडी नाही टाकली. चांगला तेलकट बारीक मासा, अख्खा, गळाला लावतो तोच. अंग भरायला अख्खा मासा लागतो हे तूच सांगितलं होतंस ना? तीन वर्षांत पहिल्यांदा तुझं ऐकलं, बघ. तुझ्याशी बोलता येत नव्हतं, म्हणून ताट दाराबाहेर ठेवलं. तुझ्या कामात ते ताटच मोजलं जाईल हे माझ्या डोक्यातसुद्धा आलं नाही.

तो मासा आपल्या समुद्रातला नाहीच. गोठवून पेट्यांतून येतो, कुठल्या समुद्रातून ते दुकानदारालाही माहीत नाही.

आता तू तिथे उभा राहून 'मासा परतला' म्हणशील, आणि भुकटीच्या बोटी येऊन जो काही उरलासुरला आहे तोही ओढून नेतील. मग आमचा मोठा मासाही जाईल, कारण तो त्याच्यावरच जगतो. आणि तुझे पक्षी तर जातीलच. या सगळ्याच्या खाली तुझी सही असेल.

खात्याला कळलं तर माझा परवाना जाईल. बोटीवरून काहीही टाकणं गुन्हा आहे, मग ती आतडी असोत की अख्खा मासा. मुक्याला कामावर ठेवणारी दुसरी बोट नाही, त्याचं बोलणं कोण सहन करणार? आणि बाबा बोटीशिवाय काय करतील मला ठाऊक नाही. तरी तू अहवाल थांबव. माझं नाव सांगायचं तर सांग. नंबर तुला पाठ आहेच.

शेवटचं वाक्य खोडणार होते. राहू दे, आपण दोघंही तसेच आहोत.

ताई


बुधवार, १७ जुलै

धाकट्या,

आज पाणीवाला रिकाम्या हाताने आला. 'पत्र दिलं, त्याने वाचलं, आत गेला,' एवढंच म्हणाला. चेहरा कसा होता विचारलं तर म्हणतो, 'दाढी आहे, कळत नाही.'

काहीतरी लिही. शिव्या लिही.

काल बाबांना सगळं सांगितलं. ते शेपट्या छाटत होते. मी समोर पिंपावर बसले आणि बोलत गेले. सुरी थांबली नाही. माझं संपल्यावर म्हणाले, "घरात पेट्या जास्त येतायत, ते मला दिसत नव्हतं होय?"

"मग विचारलं का नाहीत?"

"तू सांगितलं असतंस?"

"नसतं."

"मग झालं तर."

"बाबा, परवाना जाईल आपला."

"जाईल," असं म्हणून त्यांनी पुढचा मासा घेतला. "उद्या किती पेट्या?"

मी रडकुंडीला आले होते आणि हा माणूस पेट्या मोजतोय! मी पाय आपटत बाहेर आले. हे असलं तुझ्याशी नाही तर कोणाशी बोलू?

आणखी एक कबूल करते. पेपरातली बातमी वाचल्यावर टाकायचं बंद करायला हवं होतं, पण मी केलं नाही. आज सकाळीही टाकलं. पिल्लं आता खडकाच्या कडेपर्यंत चालत येतात आणि बोटीकडे बघून माना वर करतात. दरवेळी ठरवून जाते, आज नाही. आणि हात पेटीला लागतो.

तू थांबवणार नसशील, तर एकोणतीसला मी सभेत उठून बोलणार आहे. तिसऱ्या रांगेतूनच बोलेन. तुझी नाचक्की होईल, माझा परवाना जाईल, आणि सगळं बंदर म्हणेल की हे घर म्हणजे एकमेकांचे पाय ओढायचा कारखाना आहे. म्हणू देत. पण तू आधी बोललास तर बरं. तू तोंड वर करून उभा असावास, आणि मी तुला खाली बसवावं, हे माझ्या जिवावर येतंय.

ताई


गुरुवार, १८ जुलै
बेटावरून

ताई,

उत्तराला बसलो की दरवेळी काहीतरी खोटंच लिहिलं जात होतं, म्हणून उशीर.

मला माहीत होतं.

नऊ जूनला मी या वर्षीचं पहिलं पिल्लू हातात घेतलं. हातात घेतलं की ती घाबरून खाल्लेलं ओकतात, तेच आम्ही गोळा करतो. या पिल्लाने तीन बारीक मासे ओकले. अख्खे. तिन्हींना शेपटी नव्हती, आणि काप तिरका होता. बिनशेपटीचा मासा कुठल्याही समुद्रात पोहत नाही, ताई. मी खडकावर बसून खूप हसलो. नंतर काय झालं ते सांगत नाही.

दुसऱ्या दिवसापासून मी त्या शेपटीकडच्या बाजू वेगळ्या काढून स्पिरिटच्या बरणीत ठेवायला लागलो. वहीत फक्त 'बारीक मासा, अख्खा' एवढंच लिहिलं. साहेब आले, त्यांनी वही वाचली, 'परतला' हा शब्द त्यांचा. मी तो खोडला नाही. बरणी पलंगाखाली होती. खोटं मी लिहिलं नाही, फक्त खरं सांगितलं नाही. याला काय म्हणतात ते तूच मला एकदा कान पिळून शिकवलं होतंस.

का केलं, तर गेल्या वर्षी इथे एकशे बारा घरटी होती आणि उडाली नऊ पिल्लं. बाकीची मी उचलली, ते तू पाहिलंस. नियम माझ्यामुळे आला. नियम चुकीचा होता असं मी आजही म्हणणार नाही. पण वीस वर्षं आपण त्यांना आयतं खायची सवय लावली आणि एका दिवसात ताट काढून घेतलं. ते हळूहळू काढायला हवं होतं, हे मला तेव्हा सुचलं नाही. मी पक्ष्यांच्या पोटाचा अभ्यास केला होता, भुकेचा नाही. या वर्षी पिल्लं वजनदार निघाली. ती बघून माझ्या तोंडाला कुलूप लागलं.

दुसरं कारण तू हसशील असं आहे. एक दिवसाआड सकाळी पश्चिमेकडून इंजिनचा आवाज यायचा. आपलं इंजिन मी झोपेत ओळखेन, तिसऱ्या ठोक्याला खोकतं. मी झोपडीत दाराशी बसून ऐकायचो. बाहेर आलो असतो तर तू यायची थांबली असतीस.

भुकटीवाल्यांच्या अर्जाचं मला खरंच माहीत नव्हतं. तुझ्या पत्रातून कळलं.

आता मी सांगतो तसं कर. नुसतं उभं राहून 'माझ्या बहिणीने मासा टाकला' म्हटलं तर भुकटीवाले म्हणतील, बहीण मासेमार, तिला आमच्या बोटी नको आहेत, म्हणून भावाने गोष्ट रचली. बरणी दाखवली तरी म्हणतील घरी बसून कापल्या. त्यांना आकडा दाखवावा लागेल. पेट्या बंद झाल्यावर पिल्लांचं वजन उतरलं, तर समुद्रात मासा नाही हे कोणालाही नाकारता येणार नाही. मी रोज सगळ्या पिल्लांचं वजन करणार आहे, आणि पाणीवाला येईल तेव्हा त्याला साक्षीला वहीवर सही करायला लावणार आहे.

तेव्हा हे पत्र मिळाल्यापासून काही टाकू नकोस. पण मार्गही बदलू नकोस. त्याच वेळेला, त्याच बाजूने, त्याच वेगाने जा. फक्त पेटी उघडायची नाही. बाकी काही बदललं तर फरक कशाने पडला ते सांगता येणार नाही.

त्यांना उडायला अजून दोन आठवडे आहेत. त्यातली काही मरतील. किती ते मी मोजेन. हे मला जमेल का, माहीत नाही. तुला जमेल का, तेही माहीत नाही.

सुनावणीत तुझं नाव घेण्याआधी मी माझं घेईन. बरणीचं आधी सांगेन. परवान्याचं काय होईल ते मला सांगता येत नाही, आणि नोकरीचंही.

उंबऱ्याचं वाक्य मी विसरलेलो नाही. पण आपल्या बोटीचा नंबर मोठ्याने वाचताना तिसऱ्या रांगेतला तो नवा शर्ट मला दिसला होता. तरी मी वाचला. तेही विसरलेलो नाही.

धाकटा


बुधवार, २४ जुलै

धाकट्या,

तुझं पत्र शनिवारी मिळालं. सोमवारी गेले, आज पुन्हा गेले. तू सांगितलंस तसंच. नऊ वाजता, पश्चिमेने, त्याच वेगाने.

सोमवारी मुक्याला पेटीवर बसवलं आणि सांगितलं, मी उठ म्हटलं तरी उठायचं नाही. कुरव बेटावरून उठले आणि थेट आमच्यावर आले. पन्नास-साठ तरी असतील. दोन महिने मी त्यांना शिकवलं होतं ना, हे इंजिन आलं की खायला येतं. डेकवर उतरले, दोरावर बसले. एक तर माझ्यापासून हातभर अंतरावर बसून माझ्या तोंडाकडे बघत होता. मी सुकाणू धरून समोर बघत राहिले. मुका म्हणाला, 'ताई, एक पेटी. एकच.' मी म्हटलं, गप्प बस. तो गप्प बसला, आणि ते जास्त वाईट होतं.

आज पंधरा-वीसच आले. बाकीचे खडकावर बसून होते, मेमधल्यासारखे. दुर्बीण घेतली नव्हती, मुद्दामच. तरी तू बादली घेऊन वाकलेला दिसलास. ती पिल्लं तुझ्यावर नाहीत, माझ्यावर मोज. मी भरवली नसती तर ती एवढी मोठीच झाली नसती, आणि भरवून मग उपाशी ठेवलं. असं कोणी वैऱ्याशी वागत नाही. मला जेवण जात नाही, हे तुला कळावं म्हणून लिहिते आहे, तू काही करावंस म्हणून नाही.

आता बाबांचं. सोमवारी दोन्ही पेट्या बंदच्या बंद परत शेडमध्ये आणल्या. बाबांनी झाकण उघडून बघितलं.

"आज टाकलं नाहीस?"

मी म्हटलं, त्याचं पत्र आलंय, टाकू नको म्हणतो. आणि त्याला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. काप ओळखला त्याने.

बाबांनी सुरी खाली ठेवली. गुडघे गेल्यापासून कामाच्या वेळेत मी ती कधी खाली ठेवलेली पाहिली नव्हती.

"ओळखला?"

"हो."

"माझा म्हणून?"

"तिरका काप म्हणून लिहिलंय. कापलेल्या बाजू बरणीत भरून ठेवल्यात त्याने."

ते प्लॅस्टिक पुसायला लागले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसलं. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी विचारलं, "बाबा, त्या पेट्या पक्ष्यांच्या आहेत हे तुम्हाला माहीत होतं. गळाला काही लावायचं नव्हतं. मग दोन महिने एकेका माशाची शेपटी छाटत का बसलात?"

माझ्याकडे न बघता ते म्हणाले, "मग त्याला कसं कळणार, कुठल्या घरातून येतंय ते?"

मी बाहेर जाऊन धक्क्यावर उभी राहिले.

रविवारी सकाळी नऊला पश्चिमेकडून येते, तुला न्यायला. सोमवारी सभेला एकाच बोटीने जाऊ. पेटी उघडणार नाही, पण या वेळी बोट थांबेल. बाबा येतो म्हणतायत. गुडघ्यांचं म्हटलं तर म्हणाले, बसायला पिंप आहे ना. नवा शर्ट काढून ठेवलाय.

वही घे, बरणी घे. उंबऱ्याबद्दल मी बोलले ते परत घेते. इंजिन खोकलं की आत बसून ऐकत राहू नकोस. बाहेर ये.

ताई